पिवळ्या गाडीचा सायलेन्सर

खोकं आलं तेव्हा घरात अविनाश देवधर एकटेच होते. लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून कुरिअरच्या दोघांनी ते जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवलं, दारात टेकवलं, आणि त्यातल्या एकाने घाम पुसत विचारलं, "काकू, यात आहे तरी काय?"

बंगालीत काकू म्हणजे काका. कोलकात्यात गार्डन रीचच्या रेल्वे कार्यालयातून निवृत्त होऊन तिथेच जवळ फ्लॅट घेऊन राहिलेल्या अविनाशना त्याचं आता काही वाटत नसे. त्यांच्या पत्नी शैलाताई मात्र अजूनही ते ऐकून हसायच्या.

खोक्यावर नाव सुनेचं होतं. वैदेही सेक्टर फाइव्हमधल्या एका आयटी कंपनीत होती. ओंकार, म्हणजे देवधरांचा मुलगा, जहाजावर इंजिनिअर. वर्षातला निम्मा काळ समुद्रात. त्यामुळे घरात सासू, सासरे आणि सून एवढंच मंडळ. सासू-सुनेचं झकास जमायचं, दोघी मिळून गरियाहाटला साड्या बघायला जायच्या आणि न घेता परत यायच्या. सासऱ्यांशी बिघडलेलं असं काही नव्हतं. फक्त बोलायला विषय नव्हता. "ऑफिस कसं?" "छान, बाबा." "गर्दी होती?" "हो, बाबा." लग्नानंतरची सगळी वर्षं एवढ्यावर निभली होती.

शिवाय अविनाशना कमी ऐकू यायचं. उमेदीची वर्षं डिझेल शेडमध्ये इंजिनांच्या कुशीत गेली होती. बारीक आवाज कानातून निघून गेले होते: दाराची बेल, कुकरची शिट्टी, सुनेचं हळू बोलणं. जाड आवाज तेवढे शाबूत होते. श्रवणयंत्र कपाटात होतं आणि त्याची बॅटरी सदैव ताजी असायची, कारण ते कधी कानाला लागतच नसे.

संध्याकाळी वैदेहीने कात्रीने खोकं उघडलं. फोमच्या बिछान्यातून चकचकीत स्टीलचा एक नळा निघाला. एका टोकाला दुधाच्या लहान किटलीएवढा डबा, त्यातून बाहेर आलेली दोन गोल तोंडं.

"सायलेन्सर!" अविनाश खुर्चीतून उठलेच.

"हो बाबा. आपल्या गाडीसाठी."

गाडी तिने मागल्या हिवाळ्यात घेतली होती. चहाच्या कंपनीतले एक साहेब कोलकाता सोडून चालले होते, त्यांची जुनी जपानी स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन सीटा, पिवळी धमक, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की शैलाताईंनी पहिल्यांदा बघून विचारलं होतं, "बाकीची कुठाय?" वैदेहीचा त्या गाडीवर फार जीव. एकच गोष्ट तिला सलायची. गाडीला आवाज नव्हता. एखाद्या पहिलवानाने फोन उचलून बारीक आवाजात 'हॅलो' म्हणावं, तशी ती सुरू व्हायची.

"म्हणजे जुना काढायचा आणि हा बसवायचा," अविनाश नळ्यावरून हात फिरवत म्हणाले. "कोण बसवणार?"

"गॅरेजवाल्यांना विचारलं. त्यांनी कधी केलं नाहीये. करून बघतो म्हणतात."

"करून बघतो?" अविनाशना ते शब्द कडू लागले. "छे. आपण बसवू."

सासऱ्यांनी 'आपण' म्हटलेलं वैदेहीने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

इमारतीत कुणाच्या घरी काय येतं हे लाहिरीबाबूंना चहाच्या आधी कळत असे. लाहिरीबाबू सोसायटीचे सेक्रेटरी, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, दुसऱ्या मजल्यावर देवधरांच्या बरोबर खाली. दुसऱ्याच दिवशी ते वर आले. त्यांचं बोलणं बंगालीत चालायचं, मधे थोडं इंग्रजी. इथे मराठीत सांगतो.

"देवधरबाबू, ऐकतोय की तुम्ही सायलेन्सर बदलताय. का? जुन्यातून आवाज येतो?"

"नाही. येत नाही म्हणूनच बदलतोय."

लाहिरीबाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सायलेन्सर बसवायचा आवाज वाढवायला? शब्दाचा अर्थ तरी राखा!"

झालं. रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून बैठक भरली. लाहिरीबाबूंनी ध्वनिप्रदूषणावर सुरुवात केली आणि बोलता बोलता ते मेंदूतल्या नसांपर्यंत पोचले. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, दुपारी जेवल्यावर झोप मोडली तर त्यांचं डोकं तीन दिवस ठणकतं. कुणीतरी म्हणालं, रात्रभर बंदराकडे कंटेनरचे ट्रेलर जातात त्याचं काय? दुसरा म्हणाला, आणि नदीतल्या जहाजांचे भोंगे? तिथून गाडी मिनीबसच्या हॉर्नवर गेली, हॉर्नवरून कंडक्टरच्या भाषेवर, आणि मग दोघांचं खिदिरपूरचा बाजार पूर्वी कसा होता यावरून कडाक्याचं वाजलं. वैदेही आणि अविनाश शेजारी शेजारी बसून चहा पीत होते. चहाची दुसरी फेरी झाल्यावर लाहिरीबाबूंना मूळ विषय आठवला.

"अनुमती आहे," ते म्हणाले. "पण सुरू करून दाखवायचं सकाळी, सगळ्यांसमोर. दुपारच्या झोपेच्या वेळी नाही. मी फोनवर आवाज मोजणार. मर्यादेबाहेर गेला, की जुना परत लावायचा."

परवानगी का मिळाली हे वैदेहीच्या नंतर लक्षात आलं. नाही म्हटलं असतं तर कुणालाच ऐकायला मिळालं नसतं.

त्या आठवड्यात ओंकारचा फोन आला. सिंगापूरच्या जवळपास कुठेतरी होता, आवाज तुटत होता. "मी येईपर्यंत थांबा," तो म्हणाला. "बाबांना गाडीखाली जाऊ देऊ नकोस. आणि बोल्ट जोरात–" लाइन गेली.

"काय म्हणाला?" अविनाशनी विचारलं.

"बोल्ट जोरात, म्हणाला."

"बरोबर आहे त्याचं."

पुढच्या रविवारी सकाळी नाश्ता उरकून दोघं खाली उतरले. वैदेहीने ओंकारचा जहाजावरचा जुना नारिंगी बॉयलर सूट चढवला होता, बाह्या दोनदा दुमडून. शैलाताई गॅलरीतून बघून म्हणाल्या, "अशीच खिदिरपूरला गेलीस तर कस्टमवाले जहाजावर पाठवून देतील." अविनाशनी पार्किंगच्या तोंडाशी काठीला लाल फडकं बांधून उभं केलं. मग हात पुढे केला.

"किल्ली."

"गाडी बंदच आहे, बाबा."

"बंद असू दे. माणूस खाली असताना किल्ली खालच्या माणसाच्या खिशात. शेडचा नियम."

त्यांनी चाकांना लाकडी ओंडके लावले, जॅकने गाडीचा मागचा भाग उचलला, मल्लिकबाजारातून आणलेले लोखंडी स्टँड खाली सरकवले, आणि मग गाडीला दोन्ही हातांनी असं गदागदा हलवलं की वैदेही दोन पावलं मागे सरकली. "आत्ता पडत असेल तर पडू दे," ते म्हणाले. गाडी हलली नाही. तेव्हा कुठे त्यांनी जमिनीवर जुनी चटई अंथरली.

जुन्या सायलेन्सरचे नट गंजून एकजीव झाले होते. आदल्या रात्री मारलेलं तेल नुसतं वास द्यायला उरलं होतं. अविनाश पान्याला लोंबकळले, वैदेहीने पान्याला पाइपाचा तुकडा जोडून दिला, दोघांनी मिळून जोर लावला. कट्ट असा आवाज झाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुटला?" ती पुटपुटली.

"सुटला," ते म्हणाले. तो बारीक प्रश्न त्यांना कसा ऐकू गेला, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. गाडीखाली डोक्याला डोकं लागत होतं, एवढंच.

नट सुटले, पण सायलेन्सर अजून रबराच्या कड्यांतून लटकत होता आणि कडी सोडायला तयार नव्हती. ओढून झालं, पिळून झालं. वैदेहीने फोनवर व्हिडिओ पाहिला. त्यातला तरुण हसत हसत दोन बोटांनी रबर काढत होता. "याला बंगालची हवा लागलेली नाही," अविनाश म्हणाले. शेवटी वैदेहीने वरून भांडी घासायच्या साबणाचं पाणी मागवलं. शैलाताईंनी दोरीला बांधून वाटी खाली सोडली. साबण लावल्यावर कडं बुळबुळीत होऊन एकदम सुटलं, दुसरं त्याच्यामागोमाग, आणि अख्खा सायलेन्सर अविनाशच्या पोटावर येऊन बसला.

"बाबा!"

मग खालून हसू ऐकू आलं, दम लागलेलं. "घे की उचलून. मी काय याला मांडीवर खेळवू?"

त्यानंतर ते बोलायलाच लागले. शेडमध्ये नवीन असताना इंजिनाखालच्या खड्ड्यात त्यांचा डबा राहिला आणि वरून इंजिन आलं, ती गोष्ट सांगितली. वैदेहीने ऑफिसमधल्या बैठकीत माइक चालू राहिल्याने बॉसला उद्देशून म्हटलेलं वाक्य बॉसनेच कसं ऐकलं, ते सांगितलं. ते मोठ्याने हसले. "मग?" "मग काय, तेव्हापासून मी त्यांच्याशी मोकळेपणी बोलते."

नवा सायलेन्सर चढवायचं काम त्यांनी वाटून घेतलं. मागची टांगणी आणि दोन्ही तोंडं सरळ रेषेत आणणं वैदेहीकडे. पुढे, जिथे नवा नळा गाडीच्या जुन्या पाइपाला जुळतो, तो जोड अविनाशकडे. वैदेहीने पट्टी धरून तोंडं जुळवली, मग मऊ कापडाला स्पिरिट लावून बोटांचे ठसे पुसून काढले. ठसे राहिले तर तापल्यावर स्टीलवर कायमचे उमटतात, असं व्हिडिओवाला म्हणाला होता.

"तुमचं झालं, बाबा?"

"झालं," अविनाश म्हणाले. जरा पटकनच म्हणाले.

एव्हाना सगळी इमारत खाली आली होती. झोपेवाल्या बाईंनी कानात कापूस घातला होता आणि सगळं नीट ऐकू यावं म्हणून त्या पुढे येऊन उभ्या होत्या. लाहिरीबाबूंनी फोन छातीशी धरला होता. त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या माशीमा, म्हणजे मावशी, जिन्याच्या पायरीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. गाडी स्टँडवरून उतरवली गेली. अविनाशनी खिशातून किल्ली काढून सुनेच्या हातावर ठेवली.

वैदेहीने बटण दाबलं.

तो आवाज काय होता हे त्या इमारतीतला प्रत्येक माणूस वेगळं सांगतो. वैदेहीला वाटलं, कुणीतरी पत्र्याच्या छपरावरून दगडांचा ट्रक रिकामा केला. पार्किंगच्या खांबाखांबांतून गडगडाट फिरला, शेजारच्या दोन गाड्यांचे अलार्म केकाटू लागले, गटारावरचं मांजर भिंतीवरून थेट पलीकडच्या इमारतीत गेलं. लाहिरीबाबू ओरडत होते, पण त्यांचं नुसतं तोंड हलताना दिसत होतं. माशीमांच्या हातातला अडकित्ता थांबला होता.

आणि अविनाश? ते गाडीच्या मागे उभे होते. डोळे मिटलेले, एक हात गाडीच्या टपावर. असा चेहरा वैदेहीने त्यांचा कधी पाहिला नव्हता. कुणीतरी खूप वर्षांनी हाक मारावी आणि ती चक्क ऐकू यावी, तसा.

तिने गाडी बंद केली.

"सर्वनाश!" लाहिरीबाबूंचा आवाज आता लागला. "फोनमधला काटा टोकाला गेला! काढा! आत्ताच्या आत्ता काढा!"

वैदेही उतरून गाडीखाली डोकावली. हे बरोबर नव्हतं. ढीगभर व्हिडिओ बघितले होते तिने. असा फाटका, फटफट आवाज कुठल्याच गाडीचा नव्हता. जोडापाशी पाइप काळवंडला होता, म्हणजे हवा तिथूनच फुटत होती. तिने सुटे भाग आलेली पुडी उचलून पाहिली. पुडी रिकामी. आणि तरी त्या जोडात मध्ये बसायची धातूची गोल चकती, ती गॅस्केट, काही तिथे दिसत नव्हती. तिने मान वळवली. सासऱ्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशाला बांगडीएवढा गोल फुगवटा होता.

दोघांची नजर भेटली.

"बाबा," ती त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "राहिली की ठेवली?"

अविनाश बुटांकडे बघू लागले. "एकदा ऐकायचं होतं," ते म्हणाले. "चकती बसली की काय, सगळं सभ्य होतं. मग मला कुठे ऐकू येणार? नटही हातानेच लावलेत. पडणार काही नव्हतं, ते बघितलं होतं मी."

वैदेहीला रागवायचं होतं. तेवढ्यात लाहिरीबाबू दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले. "काय कुजबुजताय? कारण सांगा! कुणाची चूक?"

अविनाशनी तोंड उघडलं. त्याआधी वैदेही म्हणाली, "माझी. जोडात एक चकती घालायची राहिली. पाइप गार झाला की घालते, दहा मिनिटांचं काम आहे."

"तुझी?" लाहिरीबाबू घुटमळले. बउमाला, म्हणजे शेजाऱ्याच्या सुनेला, कसं ओरडावं हे त्यांना ठाऊक नव्हतं. अविनाशवर ओरडायची त्यांची पुष्कळ तयारी झाली होती, ती तशीच वाया गेली. "बरं. पण मग एकदाच. आणि मी मोजणार."

पाइप गार होईपर्यंत चहा झाला. अविनाश एका बाजूला बशीत चहा ओतून पीत होते. पिऊन झाल्यावर त्यांनी खिशातून चकती काढली, रुमालाने पुसली, आणि सुनेपुढे धरली. "तू घाल," ते म्हणाले. "मी पाना देतो."

वैदेही चटईवर आडवी झाली. तिने चकती बसवली, नट आवळले. बाहेरून अविनाश वाकून सांगत होते, आधी हा थोडा, मग तो थोडा, एकच पिळत बसू नकोस. शेवटचा नट झाल्यावर त्यांनी तिला हात देऊन उठवलं. नारिंगी सूटची पाठ काळी झाली होती.

पुन्हा सगळे गोळा झाले. आता तर पलीकडच्या इमारतीतलेही लोक गॅलऱ्यांत येऊन थांबले होते. कापूस परत कानांत गेला. लाहिरीबाबूंनी फोन पुढे केला. वैदेहीने बटण दाबलं.

गाडी घुमली. जाड, गोल, खालच्या पट्टीतला आवाज. कुणी तंबोऱ्याच्या खर्जाची तार हलकेच छेडावी तसा. ती थोडी रेस करायची तेव्हा तो वर यायचा आणि परत जागेवर जाऊन बसायचा. वैदेहीच्या अंगावर काटा आला. अगदी हेच तिला हवं होतं.

झोपेवाल्या बाईंनी एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्या. वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, "सुरू झाली का?"

"एइटुकु?" लाहिरीबाबू म्हणाले. एवढासाच? त्यांनी फोनच्या पडद्यावर बोट आपटलं, फोन सायलेन्सरच्या तोंडाजवळ नेला, लांब नेला. आकडा मर्यादेच्या बराच खाली होता. त्यांच्या चेहऱ्यावर सेक्रेटरीचं समाधान यायला हवं होतं. ते येत नव्हतं.

"आधीचा चांगला होता," माशीमा पायरीवरून म्हणाल्या.

"तू काय बोलतेस!"

"खरं ते. इतक्या वर्षांत या इमारतीत काही झालं आहे का? आज सकाळी झालं. आता हे ऐकायला मी भात शिजत टाकून आले होते?"

हळूहळू बरेच जण माशीमांच्या बाजूचे निघाले. एकाने तर अविनाशना कोपऱ्यात घेऊन विचारलं, ती चकती काढायला किती वेळ लागतो. दुर्गापूजेच्या विसर्जनाच्या दिवशी वगैरे? अविनाशनी त्याला गंभीरपणे सांगितलं, की तो सुनेचा विभाग आहे, तिच्याकडे अर्ज करा.

लोक पांगू लागले तेव्हा ते गाडीजवळ आले. वैदेहीने इंजिन चालूच ठेवलं होतं.

"ऐकू येतंय, बाबा?"

त्यांनी कान पुढे केला, मग मान हलवली. "थोडं. येतंय म्हण." आणि तिने काही बोलायच्या आत म्हणाले, "ते वरच्या कपाटातलं यंत्र... बॅटरी कुठल्या बाजूने घालतात ते तुला येतं का?"

"येतं."

"संध्याकाळी दाखव मग." जरा थांबून ते म्हणाले, "चल, एक फेरी मारू. पुलावरून जाऊन येऊ."

ते हात पुसायला नळाकडे गेले. साबण, माती, परत साबण, असं त्यांचं सावकाश चाललं होतं. तेवढ्यात शैलाताई खाली आल्या. अंगावर बाहेर जायची साडी, खांद्याला पर्स. त्यांनी दुसरं दार उघडलं, पदर सावरला, आधी बसल्या आणि मग पाय एकेक करून आत घेतले. अशा गाडीत कसं बसायचं याचा त्यांनी सराव केला असावा, इतकं ते सफाईदार झालं.

"आई? तुम्ही?"

"दोनच सीटा आहेत ना? मग चल की. ते हात धुऊन येईपर्यंत निघूया."

"पण बाबा–"

"त्यांनी सकाळीच ऐकून घेतलंय. वरून मला कळलं नाही असं वाटतं की काय? एवढी वर्षं संसार केलाय." त्यांनी पट्टा ओढून लावला. "आणि वैदेही, एसी नको. काच खाली कर."

गाडी फाटकातून बाहेर पडली. अविनाश ओल्या हातांनी धावत आले तेव्हा पिवळा रंग कोपऱ्यावरून वळताना तेवढा दिसला. विद्यासागर सेतूच्या चढावर रविवारची वाहतूक विरळ होती. खाली नदी, नदीत नांगरलेली जहाजं. वैदेहीने गिअर एक खाली टाकला, आवाज वर आला, आणि शैलाताईंनी दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली.

"आई, भीती वाटते का? हळू घेऊ?"

"अगं, छे," शैलाताई म्हणाल्या. "असं परत कर."

त्या दोघी परतल्या तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. पार्किंगमधल्या रिकाम्या जागी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. एकीवर अविनाश, भांग पाडून, स्वच्छ शर्ट घालून बसले होते. दुसरीवर लाहिरीबाबू, मफलर गुंडाळून. आता कुणाचा नंबर यावरून त्यांचं भांडण जोरात चाललं होतं, आणि गाडी येऊन थांबली तरी दोघांपैकी एकालाही ती ऐकू आली नाही.